फिजिक्सवरचं कुंकू

आमच्या अमडापुरात वामनरावाची दसऱ्याची पूजा एकदा तरी पाहावी. बाकीचे लोक हत्यारं मांडतात, सगळ्यांना सारखं गंध, सारख्या अक्षता, झाली पूजा. वामनरावाचं तसं नाही. जे हत्यार वर्षभर इमानानं चाललं त्याला नुसतं एक बोट. ज्यानं दगा दिला त्याला मूठभर. एका वर्षी त्याची विहिरीवरची मोटर अकरा वेळा जळली. त्या दसऱ्याला त्यानं तिला इतकं कुंकू थापलं की चार दिवस पाटाचं पाणी लाल धावत होतं, आणि खालच्या वाफ्यातले मुळे उपटले तेव्हा बीट निघाले. मी स्वतः खाल्ले, म्हणून सांगतो.

"कमजोर लेकराच्याच ताटात माय तूप जास्त वाढते ना गा, शालिकभाऊ?" असं त्याचं म्हणणं.

तर या वामनरावानं गेल्या दसऱ्याला पाटावर विळा मांडला, फवारणीचा पंप मांडला, मोटरचा स्टार्टर मांडला, आणि त्याच रांगेत लेकीची, अपेक्षाची, बारावीची मार्कलिस्ट मांडली. ओरिजिनल. मग एकेकाची वर्षभराची वागणूक आठवत, बोटं बुडवत तो तिच्यापाशी आला. मराठी एकाहत्तर, त्याला काही नाही. इंग्रजी अठ्ठावन्न, ठीक. बायोलॉजी चोपन्न, चाललं. केमिस्ट्री एक्केचाळीस, हं. आणि फिजिक्स सदतीस. तिथं वामनरावाचा जीव कळवळला. पाण्यात कालवलेलं कुंकू त्यानं अंगठ्यानं असं दाबून लावलं की आकडाही गेला आणि शेजारी अक्षरांत लिहिलेला आकडाही गेला. वर चिमूटभर अक्षता. एक ओघळ खाली सरकला तो थेट एकूण बेरजेवर जाऊन बसला. पूजेतली वस्तू लगेच वापरात घ्यायची नसते, म्हणून मार्कलिस्ट देवाच्या फोटोमागं गेली. आणि तिथंच राहिली.

घरात कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. कॉलेज प्रवेशाचा अर्ज जुलैतच भरला होता. स्कॅन केलेले कागद तेव्हाच पोर्टलवर चढवले होते, आणि ते स्वच्छ होते.

आता पोरीचं सांगतो. अपेक्षा मंद नाही. पण सायन्स आणि तिचं जमलं नाही. फिजिक्सचं पुस्तक उघडलं की गावातली लाइन जायची, वीजवाल्यांनाही तो धडा झेपत नसावा. डॉक्टरकीच्या प्रवेशाची ती नीट नावाची परीक्षा तिनं दोनदा दिली. पहिल्यांदा एकशे चार, दुसऱ्यांदा दोनशे बारा. गावात कोणी विचारलं की तिची माय पुष्पाबाई छाती काढून सांगायची, "दोनशेच्या वर!" कितीपैकी ते सांगायची नाही. सातशे वीसपैकी.

पोरीला दाताची डॉक्टर व्हायचं होतं. मोठ्या डॉक्टरकीचं नाव तिनं काढलं नाही कधी. दातच. सरकारी फेऱ्या सुरू झाल्या, पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दर वेळी मोबाइलवर तेच: सीट नाही. मग शेवटची, उरल्यासुरल्या जागांची फेरी आली. यादी लागली रात्री उशिरा, गावात रेंज आली सकाळी अकराला, आणि यादीत अपेक्षाचं नाव. दातांचं कॉलेज. कॉलेजचं नाव मी सांगत नाही, चिखलीहून गाडीनं पाऊण तासावर समजा. नावाखाली लिहिलं होतं की आज सायंकाळी पाचपर्यंत ओरिजिनल कागद घेऊन हजर व्हा. पाचला पोर्टल बंद. हजर नाही झालं तर सीट रद्द, आणि पुढल्या वर्षीच्या फेऱ्यांतही घेणार नाही.

म्हणजे आजचे पाच चुकले की दोन वर्षं गेली. आणि दोन वर्षं तर तिनं आधीच घालवली होती.

वामनरावाचा मला फोन आला, "शालिकभाऊ, जीप काढा." मी पोचलो तेव्हा ओसरीवर प्लास्टिकची फाइल उघडी पडली होती. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी, नीटचं स्कोअरकार्ड, सगळं होतं. मार्कलिस्ट नव्हती, आणि दसऱ्याचं वामनरावाच्या ध्यानातून गेलं होतं. पेटी झाली, गादीखाली झालं, पिठाच्या डब्यामागं झालं. शेवटी पुष्पाबाईनं देवाचा फोटो उचलला.

अपेक्षानं कागद हातात घेतला आणि बापाकडं वळली.

"बाबा, हे काय केलं तुमी?"

"काय केलं? पूजा केली."

"ओरिजिनलची?"

"मंग झेरॉक्सची करतात का व पूजा?" वामनराव म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा मोटर जळताना होतो तसा झाला. आधी काही नाही, मग एकदम काळा.

पुष्पाबाईनं पदराचा कोपरा ओला केला होता. "थांब, पुसून देतो मी."

"आई, हात नको लावू!" पोरगी अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. "शाई निघून जाईन सारी!"

मी कागद उन्हाला धरून पाहिला. कुंकू वाळून खपली झालं होतं, वर तांदळाचे दाणे घट्ट. मागूनही काही दिसेना. मी म्हटलं, "चला तर खरं. तठी पाहू. माणसंच असतील ना तठी बसलेली?" पोरीनं मार्कलिस्ट दोन पुठ्ठ्यांच्या मधात ठेवली, आणि तो पुठ्ठा मांडीवर, दोन्ही हातांनी, नवं बाळ धरावं तसा.

माझी जीप चिखलीपर्यंत नीट आली. चिखली सोडली आणि पट्टा तुटला. या जीपनं मला तीस वर्षांत एकदाही वेळेवर दगा दिला नाही, नेहमी अवेळीच. एक वाजून गेला होता. मेकॅनिक जेवायला गेला होता, आणि त्याच्या घरी त्या दिवशी पुरण होतं हे मला कोणी सांगायला नको होतं, तो आला तेव्हा त्याच्या चालीवरूनच कळलं. वामनराव रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत होता. अपेक्षा जीपमधून उतरली नाही. मी पाणी विचारलं, नको म्हणाली. चहा विचारला, नको म्हणाली. तिची नजर पुठ्ठ्यावर. मी दोन गोष्टी सांगितल्या, ज्यावर अख्खं गाव हसतं अशा. ती म्हणाली, "आबा, मंग सांगजा."

कॉलेजात शिरलो तेव्हा तीनला पाच कमी होते. टोकन नंबर एकोणीस. कागद तपासायच्या खिडकीवर गोकुळ सर नावाचे गृहस्थ होते. अंगानं काडी, पण नजर अशी की कागदाच्या आत दुसरा कागद असेल तर तोही दिसावा. आमच्यापुढच्या एका पोराला त्यांनी दाखल्यावरचा शिक्का अर्धाच उठला म्हणून परत पाठवलं. तो पोरगा आमच्यासमोर पळत गेला, परत आलेला मी पाहिला नाही.

पावणेचारला आमचा नंबर लागला. एकेक कागद गोकुळ सरांनी हातात घेतला, उलटा केला, टिक केली. जात, टिक. नॉन-क्रिमीलेअर, टिक. स्कोअरकार्ड, टिक. मग पुठ्ठा उघडला. मार्कलिस्ट उचलली तसा तांदळाचा एक दाणा सुटला आणि त्यांच्या कीबोर्डवर पडला. टक्कन आवाज आला. मला तर देवळातल्या घंटेएवढा आला.

"हे काय आहे?"

"कुंकू जी," वामनराव म्हणाला.

आणि त्याच क्षणाला, देवा शपथ, माझ्या तोंडून निघालं, "उंदरानं करंडा सांडला, साहेब!"

गोकुळ सरांनी आधी वामनरावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला थांबता आलं असतं. पण इतक्या वर्षांची जीभ, उतारावरची बैलगाडी ती. "मोठा उंदीर होता," मी म्हटलं. "मांजराएवढा."

"मांजराएवढा," सर म्हणाले.

"हाव."

"आणि त्यानं बरोबर फिजिक्सवर सांडलं. इंग्रजी स्वच्छ, मराठी स्वच्छ, केमिस्ट्री स्वच्छ. फिजिक्सचा आकडा, त्याचे अक्षरी मार्क आणि एकूण बेरीज. अक्षताही त्या उंदरानंच वाहिल्या का?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. अपेक्षानं माझ्याकडं जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाहिलं, आणि खिडकीकडं वळली.

"सर, आबा खोटं बोलले. बाबांनी लावलं. दसऱ्याले."

"आत्ता तुमचे वडील एक सांगतात, हे आजोबा दुसरं सांगतात. मी कोणाचं लिहून घेऊ?" गोकुळ सरांनी स्क्रीनवर तिचा जुलैतला स्कॅन काढला. "इथं फिजिक्स सदतीस दिसतंय. पण मुळात किती आहेत? स्कॅनमध्ये काही बदलायचं, आणि मग ओरिजिनल झाकून आणायचं, हे मी पहिल्यांदा पाहत नाही. खाडाखोड असली की कागद बाद. हे बघा, लिहिलेलं आहे."

"सदतीस कोणी बनवून लावन का, साहेब?" वामनराव म्हणाला. "बनवायचेच होते तर सत्त्याण्णव नसते का लावले?"

मला वाटलं, या एका वाक्यावर सीट मिळायला हवी. गोकुळ सरांना तसं वाटलं नाही.

अपेक्षा खिडकीच्या कडेला धरून उभी होती. "सर, खाली पास लिहिलंय ना. पास म्हणजे फिजिक्समंदी पस्तीस तरी असतीनच. केमिस्ट्री एक्केचाळीस, बायोलॉजी चोपन्न, हे झाले पंच्याण्णव. प्रवेशाले आमाले तिन्ही मिळून एकशेवीस पाह्यजे. पस्तीस धरले तरी एकशेतीस होतात."

सर थांबले. त्यांनी मनात बेरीज केली, हे मी पाहिलं. "हिशोब बरोबर आहे तुझा. पण मला इथं आकडा भरायचा आहे, अंदाज नाही. आणि प्रश्न मार्कांचा राहिलेला नाही. कागदाचा आहे. डिजिलॉकरवर आहे का?"

डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो. तो नंबर होता वामनरावाच्या जुन्या मोबाइलचा, जो दोन वर्षांपूर्वी विहिरीत पडला. बोर्डाकडून दुसरी प्रत आणायची तर आठ दिवस. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मी बाद करत नाही," गोकुळ सर शेवटी म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "तेवढा अधिकार माझा नाही. मॅडमकडं घेऊन जातो. पण तिथं एकच कोणीतरी बोला."

मॅडम म्हणजे कॉलेजच्या प्राचार्य, डॉक्टर जयमाला. पन्नाशीच्या बाई, केस मागं घट्ट बांधलेले, आणि टेबलावर कागदापेक्षा प्लास्टरच्या कवळ्या जास्त. दहा-बारा जबडे आमच्याकडं तोंड वासून बसलेले. गोकुळ सरांनी सगळं सांगितलं. उंदरासकट सांगितलं. मी एका जबड्याकडं पाहत राहिलो.

"तू बोल," मॅडम अपेक्षाला म्हणाल्या. "तूच. कुंकू का लावलं?"

"फिजिक्स कमजोर आहे म्हणून, मॅडम. आमच्या घरी जे हत्यार कमजोर त्याले जास्त लावतात."

"किती कमजोर?"

"सदतीस." हा आकडा तिनं गावात कोणाला सांगितला नव्हता. इथं पाच जणांत सांगितला, आणि मान खाली घातली नाही.

"नीट?"

"दोनशे बारा. दुसऱ्यांदा."

मॅडमनी चष्मा काढला. "मी तुला खरं सांगते. इथं पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी आहे, फिजिओलॉजी आहे, बायोकेमिस्ट्री आहे. ऐंशी-ऐंशी टक्केवाली मुलं रडतात. या मार्कांवर तुला दाताची डॉक्टर व्हायचंय. का?"

वामनराव काहीतरी बोलायला पुढं झाला. मी त्याचा शर्ट मागून धरला.

"मार्क पाहून विचारता तर माझ्यापाशी उत्तर नाही, मॅडम. फिजिक्स म्या दोन वर्षं घोकलं, समजलंच नाही. पण आईच्या दाढेचं रूट कॅनल झालं चिखलीले. चार वेळा बलावलं. म्या चारही वेळा डॉक्टरांच्या मांगं उभी राहून पाह्यलं. पह्यल्यांदा त्यांनी हाकललं, मंग नाही हाकललं. ते समजलं मले. कोणती सुई कायले, किती खोल, कुठी थांबायचं. घरी येऊन चित्र काढलं, त्यांले दाखवलं. ते म्हणले, बरोबर आहे."

गोकुळ सर म्हणाले, "मॅडम, चार वीस."

मॅडमनी मार्कलिस्ट टेबलावरच्या दिव्याखाली धरली. कडेनं पाहिली, तिरपी करून पाहिली. "ही खपली आहे. कागदात रंग उतरलाय, पण खालची शाई काळी आहे, छापील आहे. वरची खपली गेली तर आकडा वाचता यावा."

"पण मॅडम, आपण खरवडलं तर तीच खाडाखोड होईल," गोकुळ सर म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

"म्हणून आपण खरवडायचं नाही. कॉलेजचा हात लागला तर उद्या कोणीही म्हणेल की आकडा आम्ही बदलला." त्यांनी खण उघडला आणि हुकासारखं वाकडं टोक असलेलं एक बारीक हत्यार काढलं, दातावरचं किटण काढायचं. ते त्यांनी अपेक्षापुढं ठेवलं. "कागद तुझा, हात तुझा. गोकुळ, तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, घड्याळ दिसू द्या. कागद फाटला किंवा आकड्याला ओरखडा गेला, तर पोरी, मी काही करू शकणार नाही. आहे तसा बाद होईल. विचार करून हो म्हण."

अपेक्षानं ते हत्यार उचललं. पेन धरतात तसं धरलं. मॅडमनी तिची बोटं थोडी खाली सरकवली, करंगळी कागदावर टेकवली. "हिच्यावर वजन. घासायचं नाही. कडेनं आत शिरायचं आणि वर उचलायचं. पापुद्रा स्वतः सुटला तरच घ्यायचा."

"मिरचीसारखं," अपेक्षा म्हणाली.

"काय?"

"क्रॉसिंग जी, मॅडम," वामनरावाला राहवलं नाही. "बियाण्याच्या मिरचीचं. कळी उमलायच्या आंदी चिमट्यानं तिच्यातले नर दांडे काढा लागतात. मधातल्या दांडीले धक्का लागला का कळी गळाली. हे पोट्टी दिवसाच्या पाचशे कळ्या करते. गळत नाहीत हिच्या."

"मग तुम्ही बाहेर जा," मॅडम म्हणाल्या. "तुमचा श्वास कागदावर येतोय."

वामनराव बाहेर गेला. मी दाराशी राहिलो. गोकुळ सरांनी मोबाइल धरला. चार पंचवीस.

पहिल्यांदा तांदूळ. एकेक दाण्याच्या कडेला ती टोक न्यायची, थांबायची, आणि दाणा वर यायचा. सहा दाणे. सहाव्याबरोबर कागदाची एक बारीक लव उठली, सशाच्या कानावर असते तेवढी. तिनं हात तिथल्या तिथं थांबवला. गोकुळ सरांचा मोबाइल हलला. अपेक्षानं टोक मागं घेतलं, आणि दुसऱ्या बाजूनं गेली.

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी पाहिल्या आहेत. लोणारच्या सरोवरात माझी म्हैस पोहायला शिकली ती पाहिली. पण एवढी शांत खोली पाहिली नाही. पंख्यानं कागद हलतो म्हणून मॅडमनी पंखा बंद केला होता. पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला, मोठा होत गेला, आणि तो कागदावर पडणार हे मला दिसलं. मला ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर तिचा हात दचकला असता. मी दाराची कडी धरली. मॅडमनी कापसाचा बोळा घेऊन हळूच तो थेंब टिपला. अपेक्षाची पापणी लवली नाही.

चार पस्तीसला खपलीचा अर्धा भाग एकाच तुकड्यात सुटला, आणि खाली तांबूस कागदावर काळा आकडा दिसला. सात.

"सात," गोकुळ सर हळूच म्हणाले, व्हिडिओसाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.

उरलेला अर्धा घट्ट होता. वामनरावाच्या अंगठ्याचा सगळा जोर तिथं होता. टोक आत शिरेना. तिनं एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग हत्यार खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. चार बेचाळीस. तिनं हात मांडीवर पुसला, बोटं दोनदा उघडमीट केली, आणि कागद उलटा फिरवून परत बसली. आता ती आकड्याच्या डोक्याकडून येत होती. मॅडम पुढं झुकल्या. "अस्सं," एवढंच म्हणाल्या.

चार अठ्ठेचाळीसला तीन दिसला. ओरखडा नाही. शेजारच्या अक्षरी मार्कांवरची खपली आता सैल झाली होती, ती दोन मिनिटांत गेली. तिथंही सदतीसच. बेरजेवरचा ओघळ पातळ होता, तो नखाएवढ्या तुकड्यांनी निघाला. गोकुळ सरांनी कॅल्क्युलेटर काढून सगळे विषय मिळवले, दोनदा मिळवले. जुळलं. त्यांनी व्हिडिओ बंद केला, मॅडमनी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून सही-शिक्का मारला, आणि गोकुळ सर काडीएवढ्या पायांनी असे पळाले की मी त्यांना जिन्यात गाठू शकलो नाही.

खिडकीवर त्यांनी आकडे भरले. फोटो जुळवला. प्रिंट काढली. चार पंचावन्न.

"इथं सही कर. पोर्टलवरच्या सहीसारखी हवी, जुळली नाही तर पुढं जात नाही."

अपेक्षानं पेन घेतला. आणि तिचा हात कापायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं दगडासारखा असलेला हात आता तिचं ऐकेना. पेनचं टोक चौकोनाबाहेर गेलं, आत आलं, परत बाहेर गेलं. तिनं डाव्या हातानं उजवा धरला. दोन्ही कापायला लागले.

"अपे, तुले काय झालं व?" वामनराव जवळ आला. "बस, बस अथी."

"टाइम नाही बाबा!"

"पाणी दे तिला," गोकुळ सर म्हणाले, आणि स्वतःच बाटली उघडून दिली. चार सत्तावन्न. ती प्यायली, अर्धं पाणी हनुवटीवरून गळालं. मला काही सुचलं नाही. ना उंदीर, ना म्हैस, ना मोटर. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सर, दुसरा फॉर्म द्या ना," ती म्हणाली. "हा खराब झाला."

"दुसरा नाही निघत. त्यातच कर."

चार अठ्ठावन्न. तिनं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि न पाहता सही केली. अ नीट आला. पुढचं वाकडं आलं. शेवटची रेघ चौकोन ओलांडून खालच्या ओळीत गेली.

गोकुळ सरांनी कागद उचलला. स्क्रीनवरची सही पाहिली, कागदावरची पाहिली. चष्मा वर केला आणि परत पाहिली. अर्ध्या शिक्क्यापायी माणूस परत पाठवणारा तो माणूस. वामनरावाचे हात जोडलेले होते, कोणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. घड्याळाचा मोठा काटा बारावर टेकायला निघाला होता.

सरांनी माउसवर बोट ठेवलं.

"चालेल," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.